पाठककाकूंची भिंत

पाठककाकूंबद्दल लिहायचं तर त्यांना आधी डोळ्यांसमोर एका जागी उभं करायला हवं, आणि नेमकं तेच मला जमत नाही. नगरला कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे राहिले, पण त्या निवांत बसल्या आहेत असं चित्र काही आठवत नाही. चहा उभ्यानं, पेपर खिडकीशी उभ्यानं. शेंगा मोडायला बसल्याच तर चार शेंगा होईपर्यंत उठून भिंतीपाशी जायच्या, कान लावायच्या, परत यायच्या. मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात लिहायची सवय कोणालाच नाही. कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच.

तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवरून आप्पा मला सोडायला आले, त्या दिवशीचं सांगते. काकू खोली दाखवत होत्या. आप्पा टोपी हातात घेऊन दारातच उभे होते.

"बादली भरून घ्यायची, तोटी अर्धवट उघडी ठेवायची नाही," काकू म्हणाल्या. "अर्धवट ठेवली की पाइप कण्हतो, आणि मग मला बाकीचं काही ऐकू येत नाही. गॅस कसा लावायचा ते दाखवीन. आणि संध्याकाळी सातच्या..."

एवढं बोलून त्या थांबल्या. उजव्या हाताचं बोट वर, मान वाकडी, डोळे मिटलेले. मला वाटलं, चक्कर आली.

"काय झालं, बाई?" आप्पांनी विचारलं.

"पाणी सोडलं. आज लवकर सोडलंय." त्यांनी डोळे उघडले. "बादल्या लावा. ती निळी बाहेर घ्या."

तोटी उघडली तर नुसती फुसफुसत होती. आप्पा माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात तोटी खोकली आणि पाणी आलं. नगरला दिवसाआड पाणी येतं, ते रस्त्याच्या वळणावर असतानाच काकूंना भिंतीतून कळायचं. त्या दिवशी लेकीला सोडायला आलेल्या आप्पांनी बादल्या भरल्या, पिंप भरलं, आणि घामेजून रिक्षात बसताना मला हळूच म्हणाले, "बाई चांगल्या हायेत. पन त्या भिंतीत काय हाय गं त्यांच्या?"

"मला काय माहीत, आप्पा."

"मग इचारू नको, अश्विनी. कालेज जवळ हाय."

काकू नोकरीत असताना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावचा ट्रंक कॉल लावून द्यावा लागायचा, तोही तीन-तीन मिनिटांच्या हिशोबानं, तेव्हाची गोष्ट. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी. शेवगावची लाईन पावसात खरखरायची, नेवाशाची घुमायची, आणि कुठल्या बाजूला खांब वाकलाय ते लाईनमनच्या आधी आपल्याला कळायचं, असं त्या सांगायच्या. ते कितपत खरं होतं कोण जाणे. पण बोर्डासमोरची ती धांदल त्यांच्या हातातून गेली नव्हती, एवढं मी बघितलंय. रिकामा हात त्यांना सहन व्हायचा नाही. फोनवर कोणाशीही बोलताना तीन मिनिटं होत आली की त्या "बरं, ठेवते" म्हणायच्या आणि ठेवायच्या. पुण्याहून मुलाचा, प्रसाददादांचा फोन आला तरी हेच. प्रसाददादा मग परत लावायचे. परत तीन मिनिटं.

आमच्या गल्लीत कोणाच्या भिंतीतून काही आवाज आला की आधी काकूंना बोलावणं यायचं. कोपऱ्यावरच्या मुथांच्या घरी एक खोली माणसासारखी कण्हायची. सून त्या खोलीत झोपायला तयार नव्हती आणि सासूनं दाराला लिंबू-मिरची बांधली होती. काकू खोलीत एक फेरी मारून म्हणाल्या, "कण्हणं कधी सुरू होतं? मोटर लावली की लगेच, की टाकी भरत आल्यावर?"

ते कोणी बघितलंच नव्हतं. काकूंनी मोटर लावायला सांगितली आणि तडक गच्चीवर गेल्या. टाकी भरत आली तसा पाण्यावरचा फुगा लाटांनी वरखाली व्हायला लागला, त्याच्याबरोबर वरचा कॉक थरथरायला लागला, आणि ती थरथर पाइपातून खालच्या खोलीत. काकूंनी टाकीत हात घालून फुगा धरला आणि वरून ओरडल्या, "कण्हतंय का?"

"नाही," खालून सून.

"आता?"

"हो, हो. कण्हतंय."

"आता?"

असं बराच वेळ चाललं. फुगा बदलायला सांगून काकू खाली आल्या. सासूबाईंनी विचारलं, "मग ते लिंबू काढू का?" काकू म्हणाल्या, "असू द्या. टाकीला बांधा."

पण त्या नेहमी बरोबर असायच्या असं मी म्हणणार नाही. शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या न्हाणीघरातली एक अख्खी भिंत त्यांनी फोडायला लावली होती. आतला पाइप सुटलाय, अगदी खात्री आहे म्हणाल्या. आत पाइप जागच्या जागी निघाला. पुढे वारं सुटलं तेव्हा कळलं की गच्चीच्या पन्हाळीत पोरांचा चेंडू अडकलाय आणि तोच गडगडतोय.

"राँग नंबर लागला, सर," काकू म्हणाल्या.

"राँग नंबर लागला तर फोन ठेवता येतो, बाई. या फरश्या आता कुठे ठेवू?"

काकूंना ते फार लागलं. फरश्या परत बसेपर्यंत त्या रोज तिकडे जायच्या, मिस्त्रीच्या डोक्यावर उभ्या राहायच्या. शेवटी मिस्त्रीनंच हात जोडले.

आता त्यांच्या स्वतःच्या भिंतीकडे येते. काकूंचं घर म्हणजे एका घराचे दोन भाग होते. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली. अलीकडे पाठककाकू, पलीकडे त्यांची धाकटी जाऊ शैलाकाकू. परसातली बोअर वाटणीत पलीकडे गेली, त्यावरून दोघा भावांत बोलाचाली झाली आणि बोलणं बंद पडलं. पुढे दोघेही भाऊ गेले. बोलणं बंदच राहिलं. दोघी जावा एकाच वेळी अंगण झाडायच्या, एकाच भाजीवाल्याला हाक मारायच्या, आणि एकमेकींकडे बघायच्या नाहीत. भाजीवाल्याला म्हणायचं ते एकमेकींसाठी असायचं. "काही लोकांना निवडून निवडून घ्यायची सवय असते हो," असं.

माझ्या शेवटच्या वर्षी, गणपती उठल्यानंतर, काकूंच्या स्वयंपाकघरातल्या त्या मधल्या भिंतीतून आवाज यायला लागला. ठक. एवढंच. कधी एकदा, कधी लागोपाठ. हा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा. ओट्यावरची भांडी हलायची.

हे फोनवर प्रसाददादांना कळलं आणि सगळं बिनसलं. मागे येऊन गेले तेव्हा त्यांना त्याच भिंतीवर एक भेग दिसली होती. ते म्हणाले, आतला पाइप फुटला असणार, पाणी मुरत असणार, अशा घरात तू राहू नकोस. दिवाळीला येतो, भिंत फोडून बघू. पाइप सडलेले निघाले तर घर काढून टाकू आणि तू पुण्याला ये.

पुण्याच्या फ्लॅटवर काकू एकदा राहून आल्या होत्या. आठवडा पुरा व्हायच्या आत परतल्या. का म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "तिथे भिंतीला कान लावला तर काहीच नसतं गं. सगळे पाइप बाहेरून नेलेत. मी दिवसभर करू काय?"

त्यामुळे आता दिवाळीच्या आत आवाज सापडायला हवा होता. सापडला आणि साधा निघाला तर घर राहणार होतं. नाही सापडला तर भिंत फुटणार, आणि एकदा ती फुटली की काकूंचं इथलं राहणं संपणार. हे त्यांनी मला कधी असं बसवून सांगितलं नाही. पण त्यांच्या येरझाऱ्या वाढल्या. पोळी तव्यावर टाकायच्या आणि भिंतीपाशी जायच्या. त्या दिवसांत आम्ही करपलेल्या पोळ्या पुष्कळ खाल्ल्या.

आधी त्यांनी गल्लीतल्या रफिकभाई प्लंबरला बोलावलं.

"काकू, लोखंडी पाइप हाय. जुना झाला. आतून गंजला असंल," रफिकभाई म्हणाले. "सगळंच बदलून टाकू."

"सगळं बदलायला तुला बोलावलं नाही. आवाज कुठून येतोय ते सांग."

"भिंत फोडल्याशिवाय कसं सांगू? माझ्याकडं काय एक्स-रे हाय?"

"फोडल्यावर कुणीही सांगेल."

"मग कुनाला बी बोलवा," असं म्हणून रफिकभाई पाना पिशवीत टाकून उठले, आणि चहा पिऊनच गेले.

मग काकूंनी स्वतः सुरुवात केली. घराचा मुख्य कॉक बंद करून त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. आमच्या एकाही पाइपात पाणी हलत नव्हतं. तरी ठक आली. म्हणजे आवाज आमच्या पाण्याचा नव्हता.

"शैला," त्या म्हणाल्या. "नळाला थेट मोटर लावली असणार तिनं. पाण्याची हाव तिला पहिल्यापासून."

पण नळाला पाणी नव्हतं त्या दिवशीही ठक आली. काकू जरा खजील झाल्या. नळाचं नाही, आमचं नाही, मग राहिलं कुठलं? त्या ओट्यापासून दारापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि भिंतीवर एका जागी तळहात ठेवून उभ्या राहिल्या. तिथला गिलावा बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळा होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"बोअरची लाईन," त्या म्हणाल्या.

वाटणीच्या आधी बोअरचं पाणी याच भिंतीच्या जागेतून या स्वयंपाकघरात यायचं. बोअर पलीकडे गेली त्या दिवशी काकूंचे यजमान इतके संतापले होते की त्यांनी त्याच दिवशी माणूस बोलावून आपल्या बाजूची तोटी काढली, पाइपाच्या तोंडाला बूच मारलं आणि वर गिलावा करून टाकला. त्यांच्या घरचं पाणी नको म्हणजे नको. काकू तेव्हा ड्युटीवर होत्या. दोन्हीकडून लाईन तोडली असेल, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. पलीकडून ती कोणी तोडलीच नव्हती.

पण खात्री करायची तर पलीकडची तोटी कोणीतरी उघडायला आणि बंद करायला हवी होती, आणि त्या वेळी काकूंचा कान भिंतीला हवा होता. मी म्हटलं, मी जाऊन सांगते. काकू म्हणाल्या, "तू काय सांगणार? तुला तिथे बसवून घेईल, चकल्या देईल, आणि माझं सगळं विचारून घेईल."

शैलाकाकूंकडे जुना फोन अजून होता. तो नंबर काकूंना पाठ होता, कधीकाळी त्यांनीच तो हजारदा जोडला असणार. त्यांनी नंबर फिरवला आणि भिंतीपलीकडे घंटा वाजली. आम्हाला ती फोनमधूनही ऐकू आली आणि भिंतीतूनही. काकूंनी मोबाईल स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"हॅलो."

"मी बोलतेय."

"कोण मी?" शैलाकाकूंनी आवाज ओळखला होता, ते मलासुद्धा कळलं.

"निर्मला."

"अगंबाई. काय झालं? प्रसाद बरा आहे ना?"

"सगळे बरे आहेत. तुझ्या ओट्यावरची तोटी उघड."

"का?"

"उघड तर."

पलीकडे पावलं वाजली. "उघडली."

"आता बंद कर. रोज करतेस तशी कर."

ठक. माझा हात भिंतीवर होता, तळव्याला दणका बसला.

"परत."

ठक.

"आता हळू कर. अगदी हळू."

काही नाही. भिंत गप्प.

"वहिनी, माझ्या तोटीनं तुमचं काय घोडं मारलंय?" शैलाकाकू म्हणाल्या. "नवी आहे ती. ओटा करून घेतला तेव्हाच बसवली, गणपतीनंतर. दांडी पाडली की बंद."

"दांडी पाडतेस तेव्हा तुझा पाइप माझ्या भिंतीत आपटतो."

"तुमची भिंत? निम्मी माझी आहे."

"मग निम्मा आवाज ठेवून घे तुझ्याकडे."

पलीकडून हसल्यासारखं काहीतरी आलं. काकू हसल्या नाहीत. "झालं. ठेवते," म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण त्यानंतर त्या कितीतरी वेळ ओटा पुसत राहिल्या, जो मी नुकताच पुसला होता.

रफिकभाईंना परत बोलावलं. वेगळ्या गिलाव्याच्या जागी त्यांनी वीतभर भोक पाडलं. आत पाइपाचं बूच मारलेलं तोंड होतं, आणि पाइप धरून ठेवायचा क्लॅम्प सुटून खाली पडला होता. तोटी झटकन बंद झाली की पाणी अडायचं, धक्का मागे यायचा आणि मोकळा पाइप विटेवर आपटायचा. भोवतालची माती कोरडी होती. ओल नाही, गंज फक्त वरवर. भेग नुसत्या गिलाव्याची होती, तशी तर आमच्या वस्तीवरच्या प्रत्येक भिंतीला आहे.

"क्लॅम्प बसवतो, सिमेंट भरतो. अर्ध्या तासाचं काम," रफिकभाई म्हणाले.

"प्रसाद येईपर्यंत थांब. त्याला बघू दे."

प्रसाददादा आले. त्यांनी मोबाईलचा दिवा लावून भोकात पाहिलं, बोट घालून पाहिलं. बोट कोरडं. माणूस चांगला होता, मुद्दाम हट्ट करणारा नव्हता. दिवा बंद करून म्हणाले, "ठीक आहे आई, पाइपाचं झालं. पण तू एकटी असतेस. न्हाणीत पाय घसरला तर कळणार कोणाला? ही अश्विनी उन्हाळ्यात जाईल."

खरा प्रश्न तोच होता. काकू दारापर्यंत गेल्या, परत आल्या. तेवढ्यात ठक झाली.

"दुपारची उठली शैला," काकू सवयीनं म्हणाल्या. "चहाचं पाणी घेतलं. आता थोड्या वेळानं परत येईल, कप धुतल्यावर."

आम्ही तिघंही थांबलो. थोड्या वेळानं ठक आली.

"तुला तिचं कळतं," प्रसाददादा म्हणाले. "तिला तुझं काय कळतं?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि भोकातल्या पाइपावर मारला. ठण्ण. तो आवाज पाइपातून पलीकडे गेलेला आम्हाला जाणवला. काकूंचा मोबाईल लगेच वाजला.

"वहिनी? काय झालं? पडलात काय?"

"नाही."

"मग वाजवता कशाला?"

"प्रसाद आलाय. चकल्या झाल्या असतील तर दे त्याला."

प्रसाददादा खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. हसत होते की काय, मला दिसलं नाही. "उन्हाळ्यापर्यंत बघू," शेवटी म्हणाले.

रफिकभाई क्लॅम्प घेऊन आले तेव्हा काकूंनी त्यांना भोकाच्या कडा गुळगुळीत करून तिथे छोटा कोनाडा करायला सांगितला. पाइपाला हात लावू दिला नाही. "काम करू नको म्हनून सांगायला मला पहिल्यांदाच कुनी बोलावलंय," रफिकभाई म्हणाले. कोनाड्यात बत्ता ठेवला. चकल्या प्रसाददादांनी आणल्या. दोघी जावा एकमेकींच्या घरी मात्र गेल्या नाहीत. फोन कामापुरते, तेही तुटक. सकाळी पहिली ठक आली की काकू "हं" म्हणायच्या आणि गॅस पेटवायच्या.

परीक्षा झाली आणि मी खोली सोडली. त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती, माळीवाडा स्टँडवरून तिसगावची गाडी धरायची होती. मी वाकून नमस्कार केला. काकूंनी डोक्यावर हात ठेवला, पण लक्ष नव्हतं. त्यांनी गॅस पेटवला नव्हता.

"अजून आली नाही," त्या म्हणाल्या.

"उशिरा उठल्या असतील, काकू."

"अंगण झाडलंय तिनं. टाकी रिकामी असेल. की मोटर जळली?" त्या कोनाड्यापाशी गेल्या, बत्ता मारला. थांबल्या. फोन वाजला नाही. परत मारला. मग फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, भिंतीतून ऐकू येत होती, कोणी उचलत नव्हतं.

काकूंनी माझ्या चपला पायात घातल्या, आणि निघाल्या. मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले. रस्त्यावरून चार पावलं, आणि पलीकडचं फाटक. त्याची कडी कशी निघते ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ती वर ओढली, खाली ओढली, मग फाटकच हलवलं. पायऱ्या चढून दोन्ही हातांनी दार वाजवायला लागल्या.

दार उघडलं. शैलाकाकू ओल्या केसांना पंचा गुंडाळून उभ्या होत्या.

"अगंबाई. वहिनी? काय झालं?"

"आवाज आला नाही."

"न्हात होते."

"त्याच्या आधी. चहाच्या वेळी."

"हळूच बंद केली आज तोटी. म्हटलं, पोरगी प्रवासाला निघायचीय, सकाळी सकाळी दणके नकोत."

काकू चौकट धरून उभ्या राहिल्या, श्वास लागला होता त्यांना. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी चपला मागायला पुढे गेले नाही, पिशवीतून सँडल काढून घातल्या आणि रिक्षात बसले. रिक्षा वळली तेव्हा त्या अजून दारातच होत्या, आणि त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"हळू कशाला? जोरात बंद करत जा."